आवजो

१

निवृत्त माणसाने प्रवासाचा बेत आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताशी वेळच वेळ असतो, त्यामुळे तो बेत इतका बारीक आखतो की प्रत्यक्ष प्रवास म्हणजे त्या बेताची फिकट कार्बन कॉपी होते. हे कळत असूनही गेल्या दिवाळीनंतर मी रोज सकाळी आंघोळ उरकून झोपाळ्यावर आफ्रिकेचा नकाशा पसरून बसत होतो.

जामनगरच्या बंदर खात्यात मी उभा जन्म कारकुनी केली. जगातल्या बंदरांची नावं मला तोंडपाठ होती, आणि स्वतः मी बेट द्वारकेच्या पलीकडे कधी होडीत बसलो नव्हतो. त्यामुळे माझे मेहुणे जसुभाई यांच्या मुलीचं लग्न दारेसलामला ठरलं, तेव्हा माझ्यातला कारकून आणि मुसाफिर दोघेही एकदम जागे झाले.

"अनंतकुमार, तिकिटं काढलीत?" जसुभाई फोनवर ओरडले. आफ्रिकेतून बोलताना आवाज समुद्र ओलांडून पोचवावा लागतो, अशी त्यांची अजून समजूत आहे. सासरी मला 'कुमार' म्हणतात. टक्कल पडलं, कवळी बसली, तरी जावई कुमारच.

"काढतोय. पण इतक्या लांब येऊन नुसतं जेवून परत जायचं?"

"मग काय, नाचायचंय? नाचा. तुमच्या गुडघ्यांची हमी मी घेत नाही."

"सिंह बघावेत म्हणतो."

"वा! गीरचे सिंह घराच्या मागे सोडून माणूस विमानात बसून सिंह बघायला येतो! तुम्ही खात्यात होता तेव्हा बंदर चालत कसं होतं?"

एवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको तरु बाहेर आली. थेपल्यांची कणीक मळता मळताच आली होती, हात तसेच भरलेले.

"मला झांजीबारला जायचंय," ती म्हणाली.

 जसुभाई गप्प बसू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

"तिथे काय आहे, तरु?" शेवटी ते म्हणाले.

"आपलं घर आहे."

"होतं."

तरुचा जन्म झांजीबारचा. ती सहा वर्षांची असताना तिथली सत्ता एका दिवसात उलटली आणि हातात मावेल तेवढं घेऊन लोक होड्यांत बसले. आईवडील आणि थोरले जसुभाई समोरच्या किनाऱ्यावर दारेसलामला राहिले, तरुला जामनगरला मावशीकडे धाडलं. तिथे यथावकाश ती माझ्या वाट्याला आली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. मी आणलेल्या साड्या नाकारल्या पुष्कळ, पण मागितलं नाही. आता मागत होती ती एक खिडकी. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, रंगीत काचांची. दुपारी तिच्यातून ऊन आलं की फरशीवर हिरवा-लाल गालिचा पडायचा म्हणे.

"ठीक आहे," जसुभाई म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पण एकच रात्र. पीठीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या अंगणात पाहिजे. शब्द द्या, अनंतकुमार."

आमच्या सासरी नवरीला पहिली पीठी, म्हणजे हळद, आत्या लावते; आत्याला तिकडे फोई म्हणतात. जसुभाईंच्या निरालीला फोई एकच, तरु. तिचं नावही याच फोईने ठेवलेलं. फोई वेळेत नाही आली, तर नवरी पाटावर कोरडी बसून राहणार.

मी शब्द दिला. सरकारी नोकराच्या शब्दाला किंमत नसते असं म्हणतात, पण परतीची बोट चुकवणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही.

२

ते घर आता प्रवाशांना राहायला देतात, हा शोध निरालीने लावला. घर चालवणाऱ्या बाई झुहुरा. त्यांना हिंदी येत होतं, पण ते सगळं सिनेमातून उचललेलं. त्यामुळे साध्या चौकशीलाही दरबारी थाट यायचा.

"जनाब, ये घर आप ही का है," मी चादरी धुतलेल्या असतात का असं विचारल्यावर त्या म्हणाल्या.

एका सकाळी त्यांनी फोनच्या पडद्यावर घर दाखवलं. आम्ही दोघं झोपाळ्यावर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. दार दिसलं, अरुंद गल्ली दिसली, एक मांजर, दुसरं मांजर, मग जिना. झुहुराबाई धापा टाकत चढत होत्या. वरची खोली आली. खिडकी आली. तरुने माझं मनगट धरलं.

"तीच," ती म्हणाली.

मला मात्र मघापासून एक बारीक आवाज ऐकू येत होता. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. आमच्याकडे हा आवाज पाळण्यातलं पोरही ओळखतं. जेवणानंतर बाई पाय पसरून बसते आणि अडकित्त्याने सुपारी कातरते, तो आवाज.

"झुहुराबेन, तिथे सुपारी कोण कातरतंय?"

"सुपारी? जी नहीं. कोई नहीं है जनाब. ऑफ सीझन."

मी समुद्रावर खापर फोडलं. इतक्या पाण्याखालून येताना आवाजाला थोडं खरचटणारच.

बोलणं संपलं. त्यांच्याकडे पाहुण्याला 'करीबू' म्हणतात, म्हणजे या. आम्ही निघताना आणि निरोप देताना, दोन्ही वेळेला 'आवजो' म्हणतो, म्हणजे तेच, या. त्यामुळे दोन्ही बाजू बराच वेळ एकमेकांना या-या करत राहिल्या आणि कोणीच कुठे गेलं नाही. तरु "आवजो" म्हणाली. मीही "आवजो" म्हटलं. झुहुराबाईंनी हसून हात हलवला, त्यांचे ओठ मिटलेले मला स्पष्ट दिसत होते, आणि फोनमधून आवाज आला:

"आवजो हों."

पडदा काळा झाला.

"प्रतिध्वनी," मी म्हणालो. "परदेशी फोनवर होतं असं."

तरु उठली. कणीक सुकेल म्हणून आत गेली.

मी झोपाळ्यावर बसून विचार करत राहिलो. प्रतिध्वनी शब्द परत करतो. त्यात भर घालत नाही. आमच्या दोघांच्याही 'आवजो'ला 'हों' नव्हतं. ते शेपूट काठियावाडातल्या जुन्या बायका लावतात, समोरच्याने विसरू नये म्हणून.

३

दारेसलामला उतरलो तेव्हा आमच्या सामानात निम्मे थेपले आणि निम्मा कैरीचा छुंदा होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बरणी उघडली, वास घेतला आणि आदराने परत बंद केली.

जसुभाईंचं अंगण मांडवाने भरलं होतं. रात्री जेवताना मी सहज विचारलं, "तुम्ही गेलाच नाहीत कधी? समोर तर आहे. बोटीने जाऊन जेवायला घरी येता येईल."

"वेळ कुठे मिळतो?" जसुभाई म्हणाले.

"छप्पन वर्षांत?"

"दुकान होतं ना, कुमार."

मग त्यांची बायको हसत सुटली आणि तरुकडे बोट दाखवून म्हणाली, "हिची गोष्ट सांगा ना! निघतानाची!"

गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त जावयापर्यंत पोचली नव्हती. त्या दिवशी सगळे जीव मुठीत धरून घराबाहेर पडत होते. आईने तरुला कडेवर घेतलेलं. उंबऱ्यावर आल्यावर या पोरीने मागे वळून, रिकाम्या जिन्याकडे बघून, छान सुरात म्हटलं, "आवजो हों!" आईने तशाच घाईत तिला एक चापट मारली. घरात कोणी उरलंय का, निरोप कुणाला देतेस?

"मग ही काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, 'वरचीला,'" जसुभाईंची बायको डोळे पुसत म्हणाली. "रोज जेवणातला घास जिन्यावर ठेवायची म्हणे. वरचीसाठी!"

सगळे हसले. तरुही हसली. "मला काही आठवत नाही बाई," ती म्हणाली.

जसुभाई हसले नाहीत. हात धुवायला मी त्यांच्यामागे गेलो, तेव्हा नळ सोडून ते पाण्याकडे बघत उभे होते.

"लहान मुलं करतात असं," मी म्हणालो. "वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला लळा लागला असेल."

"आम्हीच वरच्या मजल्यावर राहायचो, अनंतकुमार. आमच्या वर कोणी नव्हतं."

त्यांनी नळ बंद केला.

"आणि एक ऐका. निघताना तिला 'आवजो' म्हणू देऊ नका. तुम्हीही म्हणू नका."

"का?"

"मला काय विचारता? मी बारा वर्षांचा होतो. तुम्ही शिकलेले आहात."

मी शिकलेला असल्यामुळे रात्री पडल्या पडल्या त्यावर पुष्कळ हसलो. मात्र सकाळी बंदरावर निघताना एक गंमत झाली. आम्हाला सोडायला आलेले सगळे ओळीने उभे राहिले आणि एकाच्याही तोंडून 'आवजो' निघेना. जसुभाईंनी तंबी दिली होती. कोणी "बाय-बाय" म्हटलं, कोणी "टाटा". एका म्हाताऱ्या काकांना काहीच सुचेना, ते "अभिनंदन" म्हणाले.

४

झांजीबारला मी कधी नव्हे इतका खूश होतो. बोटीत उलटी झाली नाही. कासवांच्या बेटावर माझ्याहून दुप्पट वयाची कासवं पाहिली, आणि तीही माझ्याहून सावकाश चालतात हे पाहून बरं वाटलं. मसाल्याच्या बागेत लवंगेचं झाड दाखवणाऱ्याला तरुने लवंग कशी खुडतात ते दाखवलं. त्यांच्या भाषेत. सहाव्या वर्षानंतर तिने ती भाषा उच्चारली नव्हती.

"कुठे लपवली होतीस?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तोंडात होती."

घर दुपारी गाठलं. गल्ली इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर आधी त्याच्याशी ओळख करून घ्यावी लागावी. झुहुराबाई दारात उभ्या होत्या. "आइए हुज़ूर," म्हणून त्यांनी मला संकोचात टाकलं आणि तरुला सरळ मिठी मारली. जिना चढताना तरुचा हात कठड्यावर नव्हता. कुठे वळायचं, कुठल्या पायरीला खोबण आहे, हे तिच्या पायांना माहीत होतं. मी मागे धापा टाकत होतो.

खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं आणि फरशीवर तो गालिचा खरंच पडला होता, हिरवा आणि लाल. तरु त्यावर जाऊन बसली. साठी उलटलेली बाई, मांडी घालून, मध्यभागी. मी तिचा फोटो काढला. तो फोटो चांगला आलाय. त्यात काही नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलाय.

खोलीच्या दाराबाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की जिना तिथे संपत नव्हता. आणखी काही पायऱ्या वर जात होत्या, मग वळण.

"वर काय आहे?" मी झुहुराबाईंना विचारलं.

"कुछ नहीं, जनाब. दीवार."

पूर्वी तिथून छतावर वाट होती, ती कोणीतरी केव्हाची बंद केली होती. आता पायऱ्या वळतात आणि भिंतीला टेकतात. झुहुराबाईंनी तिथे फुलझाडांच्या कुंड्या ठेवून पाहिल्या होत्या, पण त्या खालच्या पायरीवर आलेल्या सापडायच्या. "बिल्लियाँ," त्या म्हणाल्या. त्या गावात कशाचाही दोष मांजरांना देता येतो, ही मोठी सोय आहे. मीही तिचा फायदा घेतला. मातीने भरलेली कुंडी दोन्ही हातांनी उचलून पायरीवर अलगद ठेवणारं मांजर असेल एखादं.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर भाजलेला कसावा खाल्ला, उसाचा रस प्यालो, नवरा-बायकोसारखे हातात हात घालून फिरलो. तरु इतकी हसत होती की आजूबाजूचे लोकही हसू लागले. रात्री मी गाढ झोपलो.

सकाळी तोंड धुऊन बाहेर आलो, तर वळणाखालच्या पायरीवर एक बशी. बशीत थेपल्याचा तुकडा आणि चमचाभर छुंदा.

"तरु, हे काय?"

"काय?" ती खोलीतून म्हणाली. मग बाहेर येऊन बशीकडे बघत म्हणाली, "अगंबाई. मी ठेवलं वाटतं."

आम्ही नाश्त्याला खाली गेलो. वर आलो तेव्हा बशी पुसून काढल्यासारखी स्वच्छ होती. मांजरं छुंदा खातात की नाही, याचा मी त्या दिवशी बराच विचार केला. आंबा, गूळ आणि लाल तिखट. एखादं खात असेल.

५

बोट दुपारची होती. सामान खाली गेलं होतं. हातगाडीवाला गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. झुहुराबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्यात निरोप घ्यायची पद्धत नसते, आम्ही तसेच निघतो. त्यांना ते फार काव्यमय वाटलं.

तरु चष्मा राहिला म्हणून वर गेली आणि खाली येईना.

दुपारी ते गाव झाकण लावल्यासारखं गप्प होतं. दारं बंद, पडदे ओढलेले, मांजरंसुद्धा आडवी. मी जिना चढू लागलो. पहिल्या मजल्यावर मला आवाज ऐकू आला. कट्. जरा वेळाने, कट्. नळ गळत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या मजल्यावर तरुचं बोलणं ऐकू आलं. ती जामनगरच्या ओट्यावर शेजारणीशी बोलते त्याच सुरात बोलत होती. मध्ये थांबत होती. ती थांबली की कट्.

वळणाखालच्या पायरीवर ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. चष्मा डोळ्यांवर होता.

"चल," मी म्हणालो. "बोट."

"बसा ना. लगेच काय निघायचं?"

"तरु, गाडीवाला थांबलाय."

"थांबेल. राहा म्हणते आज." तिने वळणाकडे मान हलवली. "इतक्या वर्षांनी आलीस आणि पाणी पिऊन निघालीस, असं कुठे असतं का, म्हणते."

"कोण म्हणतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या दूधवाल्याचं नाव विचारलं असतं, तर तिने असंच पाहिलं असतं.

"काय तुम्हीसुद्धा!"

"आणि पीठी?" मी म्हणालो.

"कुणाची पीठी?"

हे तिने अगदी साधेपणाने विचारलं.  निरालीचं नाव या बाईने स्वतः ठेवलं होतं. बारशाला जायला जमलं नाही, तेव्हा फोनवरून चार वेळा उच्चारून सांगितलं होतं, तिकडचे लोक भलतंच ऐकतील म्हणून.

मी तिचा हात धरून ओढला. ती विरोध करत नव्हती. हात सैल होता, ऊबदार होता, आणि जागचा हलत नव्हता. तिचा दुसरा हात कोणीतरी धरला असावा, असं वाटत होतं. तो हात वर वळणाकडे गेला होता आणि मनगटापुढे वळणाआड होता.

मी आणखी दोन पायऱ्या चढलो. अरुंद जिना. ती मांडी घालून बसलेली. मी तिच्या अंगावरून पलीकडे वाकलो आणि वळणाआड पाहिलं.

भिंत होती. झुहुराबाईंनी सांगितल्याप्रमाणे भिंतच. पण भिंतीच्या आधीच्या पायरीवर मला एक पाऊल दिसलं. बाईचं, वय झालेलं, टाचेला भेगा, वर लुगड्याचा काठ. मी वाकलो तसं ते पाऊल जरा मागे सरलं. जिन्यात बसलेली बाई कोणी यायला लागलं की पाय आखडून घेते ना, जाऊ द्यायला, तसं. अगदी रीतीला धरून. आणि काठ सावरला गेला.

यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही. वर बघायला हवं होतं, असं घरी झोपाळ्यावर बसलं की वाटतं. तिथे वाटलं नाही.

तेव्हा मला सुचलं ते फक्त एकच, आणि ते भीतीने सुचलं की सवयीने, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काठियावाडी बाईने हात धरून 'राहा' म्हटलं की बळाने सुटका होत नाही. जेवढं ओढावं तेवढा आग्रह वाढतो. ओढायचं नसतं, आग्रह उलटवायचा असतो. उभ्या जन्मात मी शेकडो घरांतून असाच बाहेर पडलो आहे.

मी हात जोडले आणि वळणाकडे न बघता म्हणालो, "बेन, पुष्कळ केलंत. पोट भरलं. आता पाळी तुमची. जामनगरला आमच्याकडे या. जैन देरासरच्या मागची गल्ली, निळं दार, बाहेर तुळस आहे. आवजो."

पत्तासुद्धा सांगितला. कारकुनाला अपुरी माहिती देणं जमत नाही.

सुपारीचा आवाज थांबला. मग अगदी जवळून, माझ्या कानापेक्षा थोडं वरून, प्रसन्न आवाजात उत्तर आलं.

"आवीश हों."

येईन हं.

तरुचा हात एकदम हलका झाला आणि आम्ही दोघं जवळजवळ पडतच खाली आलो.

"अहो, हळू!" ती म्हणाली. "चष्मा सापडला ना. एवढी काय घाई? बोट काही पळून जात नाही. अगंबाई, पण निराली वाट बघत असेल!"

दारात झुहुराबाई म्हणाल्या, "करीबू तेना." परत या. मी त्यांच्याकडे बघून नुसता हसलो. दात दाखवण्यापलीकडे काही करण्याची माझी तयारी नव्हती.

६

पीठी वेळेवर झाली. तरुने निरालीला पहिली हळद लावली, आणि उरलेली माझ्या टकलावर. लग्नाला मी नाचलो, गुडघ्यांनी साथ दिली. जसुभाईंनी मला एका बाजूला घेतलं.

"म्हणाली नाही ना ती?"

"नाही," मी म्हणालो. हे खरंच होतं.

"आणि तुम्ही?"

तेवढ्यात देवाच्या कृपेने बँड सुरू झाला.

घरी परतल्यावर मी शांतपणे विचार केला. आमचं घर बैठं आहे. वरचा मजला नाही, जिना नाही. गच्चीवर जायला मागे एक लोखंडी शिडी आहे, तिच्या मधल्या दोन पायऱ्या गंजून गळून पडल्यात आणि तिच्यावर कोणी चढत नाही. ज्या घराला वर नाही तिथे वरची राहणार कुठे? शिवाय मध्ये समुद्र आहे. पारपत्र, व्हिसा, लसीचा दाखला, हे सगळं मी स्वतः केलंय. ते इतकं सोपं नसतं.

तरु मजेत आहे. आल्यागेल्याला खिडकीचा फोटो दाखवते. कासवांची नक्कल करते. जिन्यावरचं तिला काही आठवत नाही. "चष्मा विसरले होते, हे धावत वर आले," एवढंच सांगते.

परवा दुपारी जेवण झाल्यावर मी झोपाळ्यावर पडलो होतो. शेजारच्या मुक्ताबेन कुंपणाशी आल्या.

"अनंतभाई, पाहुण्या कोण आल्यात?"

"कुठे? कोणी नाही."

"मघाशी तुमच्या गच्चीवर होत्या की. मी कपडे वाळत घालत होते. सुपारी कातरत बसल्या होत्या, उन्हाला पाठ करून. फार मायाळू बाई. मी म्हटलं, 'या कधी आमच्याकडे.' म्हणाल्या, 'आधी इथलं तर होऊ दे.'"

मी उठून बसलो. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या, मग थांबल्या. घर शांत झालं आणि डोक्यावर, छताच्या पलीकडे, कट्.

तरु स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात बशी होती. मागच्या दाराने जाऊन तिने ती शिडीच्या तळाशी ठेवली आणि हात पुसत परत आली.

"काय गं ते?" मी विचारलं.

"कुठे काय?" ती म्हणाली. मग छताकडे नजर टाकून अगदी सहज म्हणाली, "बोलावलंय तुम्ही, आणि विचारता मला?"

त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. मीही नाही. पाहुण्याला 'कधी जाणार' असं विचारायची आमच्यात रीत नाही. आणि उद्या धीर करून शिडीखाली उभं राहून हात जोडावेत, चांगल्या शब्दांत निरोप द्यावा, असं जरी ठरवलं, तरी पंचाईत आहेच. निरोपाला आमच्या भाषेत शब्द एकच आहे.